गिरसप्प्याचं गवत: ‘लुप्त’ ठरलेल्या एका वनस्पतीचा इतिहास

कर्वेनगरमध्ये इतिहासावरचं व्याख्यान म्हटलं की लोक पेशवाई, किल्ले किंवा महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याबद्दल ऐकायच्या तयारीने येतात. आज आम्ही एका गवताचा इतिहास सांगणार आहोत. गवताला कसला आलाय इतिहास, असं मनात आलं असेल तर ते स्वाभाविक आहे. पण या एका गवताच्या गोष्टीत मुंबई इलाखा आहे, पुण्याचं शेतकी खातं आहे, लंडनजवळचं क्यू उद्यान आहे, दोन राज्यांची हद्द आहे, धरण आहे आणि शेवटी कोल्हापूरचं विद्यापीठ आहे. शिवाय एक प्रश्न आहे, जो आम्हाला महत्त्वाचा वाटतो: एखादी वनस्पती ‘लुप्त झाली’ असं आपण म्हणतो, तेव्हा नक्की काय म्हणत असतो?

या गवताचं शास्त्रीय नाव हबार्डिया हेप्टान्यूरॉन. नाव जड आहे, पण त्याची फोड सोपी आहे. हबार्डिया हे एका माणसाच्या आडनावावरून आलं. त्याच्याबद्दल पुढे बोलू. हेप्टान्यूरॉन म्हणजे ग्रीकमध्ये सात शिरांचं. बोलण्याच्या सोयीसाठी आम्ही त्याला ‘गिरसप्प्याचं गवत’ म्हणणार आहोत, कारण ते पहिल्यांदा गिरसप्प्याच्या धबधब्यापाशी मिळालं. आज त्या धबधब्याला सगळे जोग म्हणतात. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला मात्र तो गिरसप्प्याचा धबधबा म्हणूनच माहीत होता.

डोंगरावरची पाणथळ

आधी हे गवत राहतं कुठे, ते पाहू. उंच पर्वत असलेल्या देशांमध्ये बर्फाच्या रेषेखाली, वितळलेल्या पाण्यावर पोसलेल्या पाणथळी असतात. तिथे काही गवतं अशी असतात की ती त्या एका पाणथळीबाहेर फारशी जगू शकत नाहीत. आपल्याकडे हिमरेषा नाही. महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. तिथे बर्फ कुठला? पण सह्याद्रीकडे दुसरी गोष्ट आहे, ती म्हणजे चार महिन्यांचा पाऊस. घाटमाथ्यावर जांभ्या दगडाचे सडे आहेत. ते पावसाचं पाणी पितात आणि सावकाश सोडतात. कड्यांवरून ते पाणी झिरपतं, ठिबकतं. मोठ्या धबधब्यांच्या आजूबाजूला तुषारांनी खडक कायम ओला असतो. जून ते ऑक्टोबर-नोव्हेंबर हा कडा म्हणजे एक उभी पाणथळच असते. नंतर उन्हाळ्यात तोच खडक तापून कोरडाठाक पडतो.

अशा जागी जगायचं तर वनस्पतीने घाई केली पाहिजे. माती नावापुरती, पाणी भरपूर पण मुदतीचं. म्हणून इथली पुष्कळ गवतं वर्षायू आहेत. पावसाबरोबर उगवायचं, पाऊस ओसरता ओसरता फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं. गिरसप्प्याचं गवत याच जातकुळीतलं आहे. नाजूक, अशक्त काडीचं. ओल्या खडकाला धरून राहणारं. गुराढोरांना त्याचा उपयोग नाही, छपराला नाही, केरसुणीला नाही. आपल्या भाषेत गवतांची नावं किती आहेत बघा: मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी, हरळी, कुंदा, लव्हाळा. ही नावं कुठून आली? चारा, छप्पर, पूजा नाहीतर शेतातला उपद्रव, यांतल्या कशावरून तरी. ज्याचा उपयोग नाही आणि त्रासही नाही, त्या गवताला नाव मिळायला सहसा कारणच नसतं. आणि ज्याला नाव नाही ते नाहीसं झालं तर कळणार कोणाला?

गवताकडे कोण पाहत होतं?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गवताकडे शास्त्रीय नजरेने पाहणारं एक महत्त्वाचं केंद्र आपल्या पुण्यात होतं. पूना कॉलेज ऑफ सायन्स, म्हणजे आजचं इंजिनिअरिंग कॉलेज, तिथले प्राचार्य थिओडोर कुक यांनी पुढे ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात भागांनी प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राच्या वनस्पतींवर काम करणारा कोणीही आजही त्याची पानं उलटल्याशिवाय पुढे जात नाही. गणेशखिंडीच्या बागेचे मार्शल वुड्रो, त्यांच्यानंतर जी. ए. गॅमी, मग विल्यम बर्न्स, अशी माणसं पुण्यात काम करत होती. आणि त्यांच्याबरोबर शेतकी खात्यात एक मराठी माणूस होता, आर. के. भिडे.

ही मंडळी गवताच्या मागे का लागली? केवळ हौस म्हणून नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ मुंबई इलाख्याने लागोपाठ पाहिले. माणसं गेली आणि गुरंही बेसुमार गेली. चारा म्हणजे काय, कोणत्या रानात कोणतं गवत येतं, कोणतं गुरं खातात, कापल्यावर कोणतं पुन्हा फुटतं, हे माहीत असणं सरकारच्या गरजेचं झालं. पुढे बर्न्स यांनी कुलकर्णी आणि गोडबोले या सहकाऱ्यांबरोबर गवताळ रानांचा जो अभ्यास केला, तो याच गरजेतून आला.

पण अभ्यास एकदा सुरू झाला की तो गरजेच्या रेषेवर थांबत नाही. चारा शोधायला निघालेल्या माणसांना चारा नसलेली गवतंही दिसायला लागली. १९११ साली भिड्यांनी एका नव्या गवताचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला गॅमी यांचं नाव दिलं. १९३७ साली क्यू उद्यानातल्या एका तज्ज्ञाने ठरवलं की हे गवत इतकं वेगळं आहे की त्याची प्रजातीच स्वतंत्र मानायला हवी. म्हणून ते डँथोनिडियम गॅमीआय झालं. या प्रजातीत जगात एवढी एकच जाती आहे आणि ती पश्चिम घाटातली आहे. १९३७ चा तो तज्ज्ञ कोण? चार्ल्स एडवर्ड हबार्ड. आपल्या गिरसप्प्याच्या गवताला पुढे ज्याचं नाव लागलं, तोच हा माणूस.

भिड्यांच्याही नावाची एक प्रजाती आहे, बरं का. ‘भिडिया’. हे नाव क्यूच्या स्टाफ यांनी सुचवलं होतं, पण त्यांच्या हयातीत ते छापून आलं नाही. १९४९ साली नॉर्मन बोर यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यातल्या एका जातीचं नाव भिडिया बर्न्सियाना, म्हणजे एकाच गवतात पुण्याचे दोन सहकारी शेजारी शेजारी बसले आहेत. आपल्या शहरात भिडे आडनावाच्या पाट्या पुष्कळ दिसतील. पण शेतकी खात्यातल्या या भिड्यांचं नाव वनस्पतिशास्त्रात कायमचं कोरलं गेलं आहे, हे किती पुणेकरांना माहीत असतं?

१९१९: सेजविक आणि बेल

आता गिरसप्प्याकडे जाऊ. साल १९१९. त्या वर्षी महर्षी कर्व्यांनी सुरू केलेलं महिला विद्यापीठ तीन वर्षांचं होतं. आज जिथे आपण बसलो आहोत त्या भागाला ‘कर्वेनगर’ म्हणत नव्हते; हे हिंगणे होतं, शहराबाहेरचं गाव. आणि तेव्हाचा उत्तर कानडा जिल्हा, ज्याला आज उत्तर कन्नड म्हणतात, तो मुंबई इलाख्यात होता. म्हणजे धबधब्याच्या एका अंगाला मुंबई इलाखा आणि दुसऱ्या अंगाला म्हैसूर संस्थान, अशी स्थिती.

इथे दोन माणसं वनस्पती गोळा करत होती. एक एल. जे. सेजविक. हे मुलकी अधिकारी, आयसीएस. १९२१ सालच्या मुंबई इलाख्याच्या जनगणनेचा अहवाल याच सेजविक यांच्या नावावर आहे. दिवसा माणसं मोजायची आणि फावल्या वेळात वनस्पती! त्यांना शेवाळांचाही नाद होता. ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. शेवाळ बघणारा माणूस ओल्या खडकाशी वाकतो. ज्या खडकावरून बाकीचे लोक पाय घसरू नये म्हणून दूर राहतात, तिथे तो नाक लावून पाहतो. दुसरे टी. आर. बेल, वनखात्यातले अधिकारी, कारवार भागातलं रान पायाखालून घातलेले. फुलपाखरांच्या अभ्यासकांना बेल यांचं नाव जास्त ओळखीचं असेल. भारतातल्या फुलपाखरांवरची त्यांची लेखमाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आली होती.

या जोडीने १९१९ साली गिरसप्प्याच्या धबधब्यापाशी एक लहानसं गवत उचललं, दाबलं, वाळवलं, कागदावर लावलं आणि त्यावर ठिकाण आणि साल लिहिलं. बस, एवढंच. त्यांनी त्याचं नवं नाव जाहीर केलं नाही. वनस्पतिशास्त्रात पुष्कळ वेळा असंच होतं. गोळा करणारा एक, ओळखणारा दुसरा आणि मधे कितीतरी वर्षं.

इथे मधली किती वर्षं गेली? बत्तीस. १९३५ साली ब्लॅटर आणि मॅककॅन यांचा ‘द बॉम्बे ग्रासेस’ हा इलाख्यातल्या गवतांवरचा मोठा ग्रंथ आला. तेव्हाही हबार्डिया हे नाव अस्तित्वात नव्हतं. जे नावच नाही, ते ग्रंथात कुठून येणार?

१९५१: नाव मिळालं

नाव दिलं नॉर्मन लॉफ्टस बोर यांनी. हे मूळचे आयर्लंडचे. इंडियन फॉरेस्ट सर्व्हिसमध्ये आले, आसामात राहिले, डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत वनस्पतितज्ज्ञ होते. स्वातंत्र्याच्या सुमारास परत गेले आणि क्यू उद्यानात रुजू झाले. तिथे त्यांनी भारतीय गवतांचं काम पुढे चालू ठेवलं. १९६० साली त्यांचा भारत, ब्रह्मदेश, सिलोन आणि पाकिस्तान इथल्या गवतांवरचा ग्रंथ आला. आजही गवत ओळखणारा माणूस अडला की ‘बोर काय म्हणतो?’ असंच विचारतो.

सेजविक आणि बेल यांचा तो नमुना बोर यांच्या नजरेखाली आला आणि त्यांच्या लक्षात आलं की हे गवत ओळखीच्या कुठल्याच खणात बसत नाही. जाती नवी आहे, एवढंच नाही, तर प्रजातीही नवी आहे. १९५१ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली आणि सहकारी हबार्ड यांचं नाव तिला दिलं. हबार्ड हे माळ्याचे चिरंजीव. क्यूमध्ये कामाला लागले आणि पुढे जगातल्या गवतांचे अधिकारी पुरुष झाले. १९६० सालच्या बोर यांच्या ग्रंथात या एकट्या प्रजातीसाठी एक वेगळी ‘ट्राइब’, म्हणजे प्रजातींच्या वरचा गट, मांडला गेला. एका लहानशा, निरुपयोगी समजल्या गेलेल्या गवतासाठी अख्खा गट! हे गवत नाहीसं होणं म्हणजे मोठ्या घरातलं एक मूल जाणं नव्हे. एक आडनावच संपणं.

आता तारखा नीट लावून बघा. गवताला नाव मिळालं १९५१ साली. शरावती नदीच्या पाण्यावर जोगपाशी वीज तयार व्हायला सुरुवात झाली १९४८ साली. म्हणजे शास्त्राने या गवताची ओळख पटवली, तेव्हा त्याच्या घराचं पाणी वळायला आधीच सुरुवात झालेली होती. हा इतिहासाचा भाग आहे, आणि आम्हाला वाटतं तो भारतातल्या पुष्कळ वनस्पतींच्या बाबतीत असाच घडला असेल. आपण एका हाताने यादी करत होतो आणि दुसऱ्या हाताने यादीतली जागा बदलत होतो.

पाणी अडलं

जोगचा धबधबा २५३ मीटरचा. राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट अशा चार धारा. १९६४ साली वरच्या बाजूला लिंगनमक्की धरण पूर्ण झालं. त्यानंतर धबधब्याला किती पाणी यायचं, हे आभाळाइतकंच धरणाच्या दरवाजांवरही ठरायला लागलं.

धरण वाईट होतं, असं आम्ही म्हणत नाही. त्या विजेने त्या राज्याचे कारखाने चालले, घरात दिवे लागले. पण धरणाने नदीचं काय होतं, हे समजायला कर्वेनगरच्या माणसाला जोगला जायची गरज नाही. आपल्या शेजारून मुठा वाहते. वर खडकवासला आहे, त्याच्या वर पानशेत आणि वरसगाव. विसर्ग सोडला की मुठा दुथडी भरते आणि बंद केला की पात्रात खडक उघडे पडतात. नदी तीच, पण तिचं वेळापत्रक माणसाच्या हातात आलं. माणसाला ते चालतं. जे गवत चार महिन्यांच्या तुषारांच्या भरवशावर उगवतं, फुलतं आणि बी टाकतं, त्याला ते कसं चालेल? त्याला धरणाची तारीख कळत नाही. त्याला फक्त खडक ओला आहे की कोरडा, एवढंच कळतं.

आणखी एक गोष्ट झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत उत्तर कानडा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. राज्यकारभारासाठी ते योग्यच असेल. पण मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची जी एक सलग परंपरा होती, कुक यांच्या ग्रंथापासून ब्लॅटर-मॅककॅनपर्यंत, तिच्या मधून एक रेषा गेली. यापुढे महाराष्ट्राची वनस्पतिसूची वेगळी, कर्नाटकाची वेगळी. गवताला हद्द माहीत नसते. शोधणाऱ्याच्या डोक्यात मात्र ती असते. ‘गिरसप्प्याचं’ गवत म्हटल्यावर ते तिकडचं, कानड्यातलं. महाराष्ट्रात कोण शोधणार?

‘लुप्त’ या शब्दाचा अर्थ

पुढे लुप्त झालेल्या भारतीय वनस्पतींच्या याद्यांमध्ये हबार्डियाचं नाव यायला लागलं. कारण सरळ होतं. एकच ठिकाण माहीत, त्या ठिकाणचं पाणी वळवलेलं, आणि नंतर कोणाला ते दिसलेलं नाही. तीन गोष्टी जुळल्या आणि निकाल लागला.

हा निकाल निष्काळजीपणाचा नव्हता. उपलब्ध पुराव्यावर तो योग्यच होता. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुराव्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवं. पुरावा कशाचा होता? एका ठिकाणच्या एका नमुन्याचा. ‘या गवताचं एकच ठिकाण माहीत आहे’ आणि ‘हे गवत एकाच ठिकाणी आहे’ ही दोन वाक्यं सारखी वाटतात, पण एक आपल्याबद्दल आहे आणि दुसरं गवताबद्दल. यादीत जाताना पहिल्याचं दुसरं झालं. कागदपत्रांच्या इतिहासात आपण हेच पाहतो. एखाद्या गावाचा उल्लेख दप्तरात नाही, म्हणून गाव नव्हतं असं म्हणता येतं का? कारकून तिथे पोहोचला नसेल, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

सह्याद्रीचे ओले कडे ही अशीच कारकून न पोहोचलेली जागा आहे. गवत दिसण्याचा काळ पावसाळ्यातला, म्हणजे जेव्हा घाटरस्ते धुक्यात असतात, खडक शेवाळलेले असतात, जळवा असतात. फुलोरा नसेल तर गवत ओळखणं तज्ज्ञालाही कठीण. आणि दिवाळीनंतर, हवा छान होऊन आपण सगळे फिरायला निघतो, तेव्हा हे वर्षायू गवत वाळून गेलेलं असतं. ज्या ऋतूत माणूस येतो त्या ऋतूत ते नसतं, आणि ज्या ऋतूत ते असतं त्या ऋतूत माणूस येत नाही.

तिलारी

ते सापडलं या शतकाच्या पहिल्या दशकात, कोल्हापूर जिल्ह्यात, तिलारी घाटात. जोगपासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून अधिक उत्तरेला. आणि महाराष्ट्रात!

तिलारीचा परिसर चंदगड आणि दोडामार्ग या दोन तालुक्यांच्या मधला. वर कोल्हापूर, खाली सिंधुदुर्ग, शेजारी गोवा, पलीकडे बेळगाव. पाऊस प्रचंड. तिथल्या ओल्या कड्यावर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे गवत मिळालं. १९१९ च्या कागदावरचं गवत ऐंशीहून अधिक वर्षांनी जिवंत, हिरवं, पाण्याखाली थरथरत असलेलं.

हा योगायोग नव्हता, असं आम्ही आग्रहाने म्हणतो. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं सह्याद्री पावसात पालथा घातला आहे. पोतदार, साळुंखे आणि यादव यांचा ‘ग्रासेस ऑफ महाराष्ट्र’ हा ग्रंथ २०१२ साली आला, तो याच परंपरेतला. १९१९ मध्ये वनस्पती गोळा करणारे होते इलाख्याचे गोरे अधिकारी, आणि त्यांना नाव मिळायचं क्यूमध्ये. पण पुढच्या शोधात गोळा करणारे, ओळखणारे, नाव देणारे आणि पुढे सांभाळणारे याच मातीतले. कोल्हापूर-सांगली-रत्नागिरीकडच्या महाविद्यालयांत शिकणारी मुलं, ज्यांना घाट म्हणजे गावाकडची वाट. सेजविक-बेल यांचं ऋण मान्य करूनही हा बदल नोंदवला पाहिजे. ज्ञान कुठे राहतं, याचं उत्तर त्या शंभर वर्षांत बदललं.

आणि पुढे काय झालं पाहा. २०१२ साली चांदोरे, गोसावी आणि यादव यांनी हबार्डियाची दुसरी जाती प्रसिद्ध केली: हबार्डिया डायअँड्रा, दोन पुंकेसरांची. तीही महाराष्ट्राच्या सह्याद्रीतली. म्हणजे ज्या प्रजातीला आपण लुप्त समजलो होतो, तिच्यात एकाच्या दोन जाती निघाल्या! लुप्त घराण्यात आणखी एक वारस होता आणि तो आपल्याच परसात होता.

सापडल्यानंतर

इथे टाळ्या वाजवून थांबणं सोपं आहे. पण थांबू नये. सापडणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाजी विद्यापीठात या गवताची रोपं वाढवण्याचं आणि ती योग्य ओल्या कड्यांवर नेऊन लावण्याचं काम झालं. यामागचा विचार साधा आहे. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत, असं आपण म्हणतो. इथे सगळं बी एका कड्यावर होतं. कड्याची दरड कोसळली, वरून रस्ता रुंद झाला, पाण्याचा ओहोळ मोरीत वळवला, की संपलं. दोन-चार ठिकाणी ते रुजलं तर एका वाईट वर्षाने सगळं जाणार नाही.

पण गवत लावता येतं, पाणी लावता येत नाही. त्या कड्यावर थेंब पडायचा तर वरचा सडा शाबूत पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सड्यांखाली बॉक्साइट आहे आणि त्याच्या खाणी झालेल्या आहेत. जांभा चिऱ्यांसाठी कापला जातो. सडा म्हणजे ‘पडीक’, असं सातबाऱ्याच्या भाषेत सहज लिहिलं जातं. त्या पडीक जमिनीच्या पोटात साठलेलं पाणी खालच्या कड्यावर ऑक्टोबरपर्यंत ठिबकत असतं, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. तिलारीच्या पाण्यावरही प्रकल्प आहेत. तिथलं धरण महाराष्ट्र आणि गोव्याच्या संयुक्त प्रकल्पाचं आहे. जोगची गोष्ट माहीत असलेल्या माणसाने तिथे दोनदा विचार करावा. २०२० साली राज्य सरकारने दोडामार्गच्या बाजूचा वनभाग तिलारी संवर्धन राखीव म्हणून जाहीर केला. हत्ती आणि वाघांच्या वाटेसाठी ते झालं. हत्ती-वाघाच्या सावलीत गवताचंही भलं होत असेल तर उत्तमच. पण कड्यावरचं गवत हत्तीच्या वाटेवर नसतं. त्याला वेगळी नजर लागते.

आणि हो, एक बाजू आपलीही आहे. पावसाळी सहलीत आपण शहरातून घाटात जातो, धबधब्याखाली उभे राहतो, खडकावर चढतो, आधाराला हाताशी येईल ते धरतो. हातात काय आलं ते बघतो का? बघावं, एवढंच आमचं म्हणणं. उपटू नये.

शेवटी

आम्ही सुरुवातीला विचारलं होतं: ‘लुप्त’ म्हणजे नक्की काय? या गवताच्या इतिहासातून आम्हाला असं दिसतं की तो शब्द वनस्पतीबद्दल जितका असतो तितकाच आपल्या शोधाबद्दल असतो. १९१९ ते १९५१ हे गवत होतं, पण शास्त्रात नव्हतं. पुढची पन्नासहून अधिक वर्षं ते तिलारीत होतं, पण आपल्या यादीत नव्हतं. मात्र याचा अर्थ असा मुळीच नाही की ‘काही होत नाही, कुठेतरी सापडेलच’. ते जोगला सापडलं नाही. सापडलं ते दुसऱ्या ठिकाणी. ज्या कड्यावर सेजविक आणि बेल वाकले होते, त्या कड्याचं उत्तर तिलारीने मिळत नाही. एक घर गेलं, म्हणूनच दुसरं मोलाचं झालं.

आणि ज्यामुळे हे सगळं शक्य झालं तो कागद विसरू नका. वाळलेल्या काडीखाली ठिकाण आणि साल नीट लिहिलेला. तो नसता तर तिलारीत काय सापडलं हे कळलंच नसतं. एक अनोळखी गवत, एवढंच. पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागाचं हर्बेरियम आहे, आघारकर संशोधन संस्थेचं आहे. वाळलेल्या झाडांची ही दप्तरखाना-इमारत बाहेरून रुक्ष वाटते. पण पेशवे दप्तराइतकीच ती आपली कागदपत्रं आहेत. त्यांच्यासाठी जागा, माणसं आणि पैसा मागायला नागरिकांनी उभं राहायला हवं. आपल्या महाविद्यालयातल्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने ‘मला गवतं ओळखायला शिकायचंय’ असं म्हटलं, तर त्याला ‘त्याने पोट भरतं का?’ असं विचारण्याआधी आर. के. भिडे आठवावेत. दुष्काळात गुरं वाचवायला निघालेल्या खात्यातला तो माणूस, आणि त्याच्या नावाचं गवत आज सह्याद्रीत उगवतं.

कोणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.